गाजर आणि पानाची डावी बाजू

संपादकांनी मला लग्नाच्या जेवणावळींविषयी लिहायला सांगितले. जिलेबीचा घाणा, मसालेभाताची मोठी पातेली, उठणाऱ्या-बसणाऱ्या पंगती असे काही त्यांच्या मनात असावे. त्यांची निराशा होईल. मी हे पदार्थ कधी केले नाहीत. आचाऱ्यांच्या एकाच तुकडीत मी चाळीस वर्षे पानाची डावी बाजू सांभाळली. मला तिच्याविषयीच लिहिता येईल, आणि त्यातही आज गाजराविषयी.

हल्ली ताट हातात घेऊन उभ्याने जेवण्याची पद्धत आली आहे, म्हणून सांगतो. केळीचे पान मांडले की वर मीठ येते. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या, आमटी, गोड. मध्ये भात. उजव्या बाजूसाठी यजमान आचाऱ्याशी दोन दोन तास बोलतो. डाव्या बाजूविषयी एकच वाक्य असते, “आणि ते बाकीचे कोशिंबीर वगैरे.” त्या ‘वगैरे’मध्ये माझे सगळे आयुष्य गेले. तक्रार नाही.

आमची वसईतली वाडी केळीची. विनायकराव हे त्या काळचे मोठे आचारी. त्यांच्या मांडवात मी पाने पोचवायला जात असे. एकदा त्यांचा कोशिंबिरीचा माणूस आला नाही आणि त्यांनी माझ्या हातात किसणी दिली. ती चाळीस वर्षांनी सुटली. कशी सुटली, तेच येथे लिहिणार आहे.

आधी गाजर.

लाल गाजर हिवाळ्यात येते. ते गोड आणि रसाळ असते. केशरी गाजर वर्षभर मिळते. ते घट्ट, गोडीला कमी. कोशिंबिरीला लाल घ्यावे, वाफवायला केशरी. साल सोलू नये, सुरीच्या पाठीने खरवडावी. जाड किसणीवर एकाच दिशेने किसावे. मागेपुढे घासले तर किसाचा लगदा होतो. दाण्याचे कूट भरड असावे, साखर लिंबाची धार मोडण्यापुरती. हळद घालू नये, गाजराला स्वतःचा रंग आहे. मीठ आधी घालणे हा सर्वांत मोठा गुन्हा. मिठाने गाजराला पाणी सुटते आणि ते पाणी पानावरून भातापर्यंत जाते. आमच्याकडे पंगत बसली, वाढप्यांनी मीठ आणि लिंबू वाढले, की मग मी परातीत मीठ टाकून कालवत असे. शेवटी फोडणी. लोखंडी पळीत तेल, मोहरी, हिरवी मिरची, हिंग.

वाफवलेले गाजर याहून सोपे. बोटाएवढे तुकडे करावे, थोड्या तेलावर परतावे, वर झाकण ठेवून झाकणात पाणी घालावे. आत पाणी घालू नये. झाकणावरचे पाणी कढत झाले की आतले गाजर आपल्याच वाफेवर शिजते. नख जाईल पण तुकडा वाकणार नाही, तेथे थांबावे. मग मीठ, भरडलेले मिरे, लिंबू. घरात लोणी असेल तर लोणी. घरी दोन माणसांसाठी करायचे असेल तर याला दहा मिनिटे पुरतात. ओले खोबरे आणि मोहरीची फोडणी दिली तर तेच गाजर पोळीबरोबर चालते.

राजोडीला समुद्राजवळ सुट्टीला येणाऱ्यांसाठी बंगला चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी मला एकदा सांगितले, “काका, गाजराचं काहीतरी करा, पण ते गाजरासारखं लागायला नको.” मी त्यांना हेच वाफवलेले गाजर दिले, फक्त थोडी मोहरी वाटून घातली. जेवून झाल्यावर ते म्हणाले की हे गाजरासारखेच लागते. मी म्हणालो की त्याला माझा इलाज नाही. पुढे ते दर शनिवारी तेच मागवत.

आता आमच्या धंद्यातील एक नियम. आम्ही अन्न चाखत नसू. लग्न, मुंज, वास्तुशांत, कोठेही पहिले पान देवाच्या नैवेद्याचे. त्याआधी कोणाच्या जिभेला अन्न लागायचे नाही. विनायकरावांनी हा नियम मला पहिल्या दिवशी सांगितला आणि मी तो पुढच्या प्रत्येकाला सांगितला. मीठ आम्ही मुठीने ओळखत असू, तळण आवाजाने, आणि बाकी सर्व वासाने. हिंगाचेच पाहा. तापल्या तेलात हिंग पडला की प्रथम उग्र, कच्चा वास येतो. क्षणभराने तो वास गोल होतो. तेथे पळी उतरवायची. माझा हात त्या वासावर थांबत असे. चिमूट किती, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

साथीच्या दुसऱ्या वर्षी मला तो ताप आला. ताप गेला, अंगात बळ आले, वास परत आला नाही. सकाळी चहाच्या कपात मला गरम गोड पाणी लागे. डॉक्टर म्हणाले की काहींचा येतो, काहींना वेळ लागतो. मी घरी सांगितले नाही, तुकडीत सांगितले नाही. विनायकराव तोवर गेले होते. तुकडी त्यांचा मुलगा मुकुंद चालवत होता. मुकुंद मला काका म्हणतो. मला वाटले, चाळीस वर्षांची सवय आहे, डोळा आणि हात पुरतील.

ते पुरले नाहीत. नायगाव पूर्वेला एका नव्या वसाहतीच्या सभागृहात साखरपुडा होता. मी पळीत हिंग टाकला. वास आला नाही. आणखी एक चिमूट टाकली. वास आला नाही, हात थांबला नाही. तिसऱ्या चिमटीनंतर डोळ्यांना तेल काळसर दिसले तेव्हा मी पळी उतरवली आणि परातीत ओतली. पंगतीत कोशिंबीर कडू लागली. पाने उचलली तेव्हा प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात तांबडा ढीग तसाच होता. नवऱ्या मुलाची आजी हात धुवायला जाताना भटारखान्याच्या दाराशी थांबली. ती देशावरची बाई होती. शांतपणे म्हणाली, “पोटदुखीचं औषध मागाहून दिलं असतंत तरी चाललं असतं हो.”

मुकुंदने विचारले, काय झाले. मी म्हणालो, हिंगाचा डबा नवा आहे, दुकानदाराने भलताच जहाल माल दिला. मुकुंदने दुकानदाराला फोन करून माझ्यासमोर सुनावले. मी ऐकत उभा राहिलो. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींची मला लाज वाटते, त्यांत ही आहे.

भांडी आवरताना हिराबाई माझ्याजवळ आली. हिराबाई जूचंद्रची. बावीस वर्षे ती आमच्याकडे भाजी चिरते आणि किसते. तिच्याइतका सारखा कीस यंत्राचाही पडत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. चिरणाऱ्या बायका मांडवाच्या कडेला चटईवर बसत आणि शेगडीपाशी येत नसत. शेगडी आचाऱ्यांची. असे का, हे मी कधी विचारले नाही. चालत आले होते.

ती म्हणाली, “भाऊ, तुमच्या मागं गोनपाट पेटला होता. मी पानी वतला. सगल्या भटारखान्यात धूर नि वास. तुमी मागं बगितला पन नाय.”

मी पळी पुसायला घेतली.

“नाक गेलाय ना तुमचा?”

मी तिला सांगितले की आपल्या कामाकडे बघ. ती म्हणाली की कामच बघतेय, कीस माझा होता, कडू तुमी केला. मग कोणाला काही न बोलता भांडी घासायला गेली.

पुढच्या आठवड्यात मुकुंद घरी आला. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, “काका, गास गावातलं ते लग्न होऊ द्या. त्यात नीट झालं तर काही बोलायचं नाही. नाहीतर डावी बाजू दुसऱ्या कोणाकडे देऊन बघू.” तो वाईट बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर चपला घालेपर्यंतही थांबलो नसतो. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरली आणि बंद केली. असे मी रोज करत होतो.

गासचे लग्न सायमनच्या मुलीचे होते. सायमन तेथला भाजीवाला शेतकरी, आमचा जुना यजमान. त्याच्याकडे चर्चमधील विधी आटोपले की घराच्या अंगणात जेवण असे. शेजारच्या शाकाहारी पाहुण्यांसाठी तो वेगळी पंगत ठेवी आणि ती आमच्याकडे असे. या वेळी त्याने स्वतःच्या शेतातील गाजरे काढून दिली होती. लाल, मातीसकट. म्हणाला, “दामूकाका, दोन्ही प्रकार करा. आईला दात नाहीत, तिला वाफवलेलं लागेल. आणि कोशिंबीर तर पाहिजेच, आमच्या शेतातलं आहे.” नायगावची गोष्ट त्याच्या कानावर गेली नव्हती.

सकाळपासून सारे ठीक चालले. वाफवलेल्या गाजराला नाक लागत नाही. झाकणावरच्या पाण्याकडे बघायचे आणि नख लावायचे. मिरे मी हाताने भरडले. म्हातारीसाठी थोडे गाजर अधिक वेळ ठेवून मऊ करून बाजूला काढले. हिराबाई चटईवर किसत होती. तिने माझ्याकडे दोनदा पाहिले. मी नजर दिली नाही.

पाहुणे चर्चमधून आले. पाने मांडली गेली. पाद्रींनी जेवणावर आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. वाढप्यांनी मीठ, लिंबू वाढायला घेतले. मी किसावर कूट, साखर, मीठ घालून कालवले आणि लिंबू पिळले. पळीत तेल तापवले. मोहरी तडतडली, ती कानांना कळली. मिरची टाकली, तिचा रंग डोळ्यांना दिसला. मग मी हिंगाची चिमूट घेतली आणि हात पळीवर तसाच राहिला.

मुकुंद समोर येऊन उभा होता. काही कामासाठी आल्यासारखे त्याने दाखवले नाही. इतर आचारीही बघत होते. मी शेगडी बारीक केली.

“हिराबाई,” मी म्हणालो, “इकडे ये.”

तिला वाटले किसात काही चुकले. ती पदराला हात पुसत चटईच्या कडेपर्यंत आली आणि थांबली.

“शेगडीपाशी ये. हिंगाचा वास उतरला की सांग.”

ती आली. तिला शेगडीपाशी येताना मी पहिल्यांदा पाहत होतो. बावीस वर्षे चटई आणि शेगडी यांतील अंतर पाच-सहा पावलांचे होते, हेही तेव्हाच लक्षात आले. मी हिंग टाकला. तिने पळीवर तोंड आणले.

“कच्चा हाय,” ती म्हणाली. “थांबा. थांबा ना, घाई कशाची. आता. वता.”

मी ओतले. चर्र असा आवाज झाला. मी कालवू लागलो. तेवढ्यात हिराबाईने परातीत दोन बोटे घातली आणि कीस तोंडात टाकला.

आमचा न चाखण्याचा नियम मोडला होता. याच गोष्टीवरून काही वर्षांपूर्वी मी तिला सर्वांसमोर बोललो होतो. तेव्हा तिने साधा, बिनमिठाचा कीस तोंडात टाकला होता. मी तिला आठवडाभर कामावर येऊ नको म्हणून सांगितले होते. ती आली नाही, आणि पुन्हा आली तेव्हा तिने त्याविषयी एक शब्दही काढला नाही. हे सर्व त्या क्षणी माझ्या मनात आले. तिच्याही आले असणार, कारण तिने चावता चावता माझ्या डोळ्यांत पाहिले.

“लिंबू कमी हाय,” ती म्हणाली.

मी लिंबू घेतले आणि पिळले. तिने पुन्हा चाखले आणि मान हलवली. मी वाढप्याला परात दिली.

मग मुकुंदला बाजूला नेऊन सांगितले. वास गेला आहे. कधीपासून गेला आहे. नायगावला हिंग चांगला होता, दुकानदाराची काही चूक नव्हती, मी खोटे बोललो. मुकुंदने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, “काका, मला आधी सांगायचं होतंत.” मी म्हणालो, हो. पंगत चालू होती. कोशिंबीर दुसऱ्यांदा वाढायला परात आत गेली. सायमनच्या म्हातारीने वाफवलेले गाजर संपवून वाटी वाढप्यापुढे धरल्याचे मी दुरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराकडे गेलो आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ दे. त्याने मला बसायला स्टूल दिले आणि हिंगाचा एक खडा कागदात बांधून हातात ठेवला. माणसे इतकी बरी वागतात, याची मला सवय नव्हती.

मुकुंद संध्याकाळी आला. त्याला बोलणे अवघड जात होते. काका, तुम्ही बसून राहा, बसल्या जागेवरून सांगत जा, असे काही तो सुचवत होता. मी त्याला म्हणालो की डावी बाजू हिराबाईला दे. तो म्हणाला की इतर आचारी ऐकणार नाहीत, बाईमाणूस शेगडीवर, त्यात ती चाखते. नैवेद्याचे काय?

हिराबाईला विचारायला आम्ही दोघे जूचंद्रला गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. तिची सून चहा घेऊन आली. मुकुंदने नियमाची अडचण सांगितली. हिराबाईने सूप खाली ठेवले.

“निवदाचा आधी वायला काडायचा नि झाकून ठेवायचा,” ती म्हणाली. “मंग मी चाखनार. न चाखता मी करनार नाय.”

मुकुंद म्हणाला, “मग देवाच्या पानात कमी लिंबाचं जाईल की.”

“देव काय बोलत नाय,” हिराबाई म्हणाली. “मानसा बोलतात.”

चाळीस वर्षे आम्ही दहा-बारा पुरुष न चाखण्याचा नियम पाळत होतो. आधी वाटी काढून झाकून ठेवावी आणि मग चाखावे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते. मुकुंद हसला. मला हसू आले नाही. बावीस वर्षे ती चटईवर बसून हे सर्व पाहत असेल आणि मनात काय म्हणत असेल, याचा मी विचार करत होतो.

दोन आचाऱ्यांनी कुरकुर केली. एक सोडून गेला, दुसरा राहिला. पहिले काही महिने मी तिच्या शेजारी उभा राहिलो. तिला शिकवण्यासारखे फार नव्हते. किसात मीठ केव्हा घालायचे, हे तिला माझ्याइतकेच माहीत होते. तिने माझे काही बदललेही. लाल गाजरात ती साखर घालत नाही. म्हणते, गाजर गोड असताना साखर कशाला. वाफवलेल्या गाजरात ती लिंबाऐवजी कधी कैरीचा कीस घालते. मला ते पटले नव्हते. नंतर पटले.

मी काम सोडले. वास थोडा परत आला आहे, पण ओळखीचा नाही. काही वेळा फुलांना जळक्या रबराचा वास येतो. हिंग येत नाही. डॉक्टर म्हणतात, आता यापुढे आशा कमी. मी ते मान्य केले आहे. जीभ शाबूत आहे. खारट, आंबट, गोड, कडू कळते. दात बरे आहेत. या वयात एवढे पुरते.

हिराबाईचे मी आभार मानले नाहीत. ती तसे मानून घेणारी नाही आणि मला तसे बोलता येत नाही. पुष्कळ जण मला विचारतात की तुमची जागा एका भाजी चिरणाऱ्या बाईने घेतली, तुम्हाला कसे वाटते. खरे सांगायचे तर तिने माझी जागा घेतली नाही. सगळ्यांसमोर मी उघडा पडलो असतो, तेथे ती येऊन उभी राहिली. नंतर जागा मी तिला दिली. देण्यासारखे माझ्याजवळ ते एकच होते.

गेल्या माघात विरारला एका ओळखीच्या घरी मुंज होती. मुकुंदची तुकडी होती. चाळीस वर्षांत मी पंगतीत कधी बसलो नव्हतो. आम्ही सर्वांचे झाल्यावर पातेल्याशी बसून जेवत असू. यजमानांनी आग्रह करून मला पहिल्या पंगतीत बसवले. समोर पान आले, मीठ आले, लिंबू आले. मग एक वाढपी परात घेऊन आला आणि पानाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर ठेवून पुढे गेला. कीस सारखा, सुटा. पाणी सुटलेले नव्हते. मी भाताआधी तीच तोंडात घातली. मीठ बरोबर. आंबट बरोबर. गाजर दातांखाली वाजले. हिंग मला लागला नाही.

शेजारी एक तरुण बँक कर्मचारी बसला होता. मी त्याला विचारले, “हिंग कसा आहे?”

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. पंगतीत असा प्रश्न कोणी विचारत नाही. तरी त्याने पुन्हा एक घास घेतला आणि विचार केला.

“आहे,” तो म्हणाला. “पण आहे असं कळत नाही.”

हिंग असाच असावा. विनायकरावांनी मला हे समजावून सांगायला दोन वर्षे घेतली होती. वाढपी परतून आमच्या रांगेत आला तेव्हा त्याने भाताचे विचारले, जिलेबीचे विचारले. मी दोन्हींना नको म्हटले आणि पानाची डावी बाजू दाखवली.